किती दिवसांत गोरं होतं?

नाशिककराला त्याच्या हवेचा फार अभिमान. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी तो मुंबईच्या पाहुण्याला पंख्याखाली बसवून सांगणार, आमच्या नाशकात तसा उन्हाळा नसतोच हो. पाहुणा बिचारा घाम पुसत हो म्हणतो. अशा गावात, तेही नव्वदच्या दशकात, मी शाळेतल्या पोरींच्या मागे लागले होते की मैदानात उतरायच्या आधी तोंडाला सनस्क्रीन लावा. ज्या गावात ऊनच नाही तिथं मी छत्र्या विकायला बसले होते म्हणायचं.

मी सातपूरकडच्या एका मराठी शाळेत पीटीची बाई. पस्तिशीची, आवाज मोठा, डोकं गरम आणि रंग काळा. सावळा नव्हे, काळा. आपल्याकडे चांगली माणसं कुणाला तोंडावर काळं म्हणत नाहीत, ती 'नाकीडोळी नीटस' म्हणतात. लग्नाच्या बाजारात माझं नाकडोळ्यांचं इतकं कौतुक झालं होतं की उरलेल्या माझ्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही. त्यात पुन्हा वर्षानुवर्षं शिट्टी तोंडात धरून उन्हात उभं राहायचं काम. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. अशा बाईनं क्रीमचा प्रचार करावा यात जो विनोद होता तो सगळ्या शाळेच्या लक्षात आला. माझ्या सगळ्यात शेवटी आला.

हे सगळं सुरू झालं ते एका मुलीमुळे. नववीतली. गंगापूरच्या बाजूला त्यांचा मळा होता, गुलाब, झेंडू आणि मधे मधे मेथी-कोथिंबीर. आई पहाटे फुलं घेऊन बाजारात बसायची. पोरगी खो-खोला अशी होती की खांबावर सूर मारून समोरच्या गड्याला टिपायची तेव्हा बघणारे डोळे मिटून घ्यायचे, ही नाही. आणि तिला कोड होतं. ओठांभोवती, पापण्यांवर, बोटांच्या टोकांना, कोपरांना आणि गुडघ्यांना पांढरे डाग. शाळेत हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'तिला ते आहे ना' असं म्हणत.

आता गंमत बघा. बाकीच्या साऱ्या पोरी रात्रंदिवस गोरं होण्याचा ध्यास घेतलेल्या. हळद, बेसन, दुधाची साय, कुणी तर बटाट्याची चकती घासून यायची. आणि जी आपोआप पांढरी होत चालली होती तिच्या शेजारी डबा खायला कुणी बसायचं नाही.

खो-खो हा शिवाशिवीचा खेळ. बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो' म्हणायचं, तो उठला की त्याच्या जागी आपण बसायचं. आमच्या पोरी एकमेकींच्या पाठीत धपाधप तळहात हाणायच्या. हिच्या पाठीला मात्र बोटाचं टोक लागायचं, तेही गणवेशावरून, आणि लगेच ते बोट स्कर्टला पुसलं जायचं. मी ओरडले की एक-दोनदा हात टेकायचा. मी पाठ फिरवली की पुन्हा बोट. मी किती ओरडणार? पोरींना नियम सांगता येतो, मनातली किळस कशी काढणार?

त्या वर्षी ऑक्टोबरचं ऊन फार कडक पडलं. सराव दुपारी दोनला असायचा, कारण सकाळी मैदान मुलांचं. आठवड्याभरात पोरीचे ओठ आणि पापण्या लालबुंद झाल्या, मग सोलायला लागल्या. डागांना स्वतःचा रंगच नसतो, ऊन थेट आत भाजतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्या आईला तर त्याहून नाही. ती एक दिवस बाजार आटोपून, रिकामी पाटी कमरेला लावून, तडक मैदानावर आली आणि म्हणाली, नाव काढा पोरीचं. ऊन लागलं की पांढरं वाढतं असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी दुधावर मासे खाल्ल्यानं झालं म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या घरात मासे शिजत नसत, पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार. आणि मग ती खरं ते बोलली.

"भाजलेलं बरं होईल हो बाई. पण लोकं लय बघतात. घरात राहील तर निदान कुणी बघायचं नाय."

पोरगी आईच्या मागे उभी होती. रडत नव्हती. खांबाकडे बघत होती. मला इतकं वाईट वाटलं की मी नेहमीप्रमाणे चिडले. आईला म्हटलं, घरात ठेवायला ती काय लोणचं आहे? आणि दोघींना रिक्षात घालून कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, शिवून हे पसरत नाही, दुधानं होत नाही, माशानं होत नाही. खेळू द्या. पण मैदानात जायच्या आधी सनस्क्रीन लावायचं आणि घाम आला की पुन्हा लावायचं. एवढं सांगून त्यांनी औषधकंपनीनं फुकट दिलेल्या छोट्या ट्यूब माझ्या ओंजळीत ओतल्या. आईनं बराच वेळ विचार केला. फुलांचा भाव ठरवताना करत असेल तसाच. मग तिनं अट घातली. महिन्याभरानं मालेगावला जिल्ह्याचे सामने होते, तिथवर ती बघणार. पुन्हा सोललं, नाहीतर लोकांनी पुन्हा पोरीचा तमाशा केला, की नाव काढायचं, आणि मग मी मधे बोलायचं नाही. मी कबूल केलं. न करून सांगते कुणाला.

मला वाटलं, झालं काम. कसलं काम. चार दिवसांत पोरीचे ओठ पुन्हा लाल. विचारलं तर म्हणे, लावते की. घरून सकाळी लावून यायची, दुपारपर्यंत ते घामात वाहून जायचं, आणि मैदानावर ट्यूब दप्तरातून बाहेर म्हणून निघायची नाही. सराव संपल्यावर मी तिला थांबवलं, चांगली झापली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "बाई, मी एकटीनं ट्यूब काढली की सगळ्या थांबून बघतात. मग कुणीतरी विचारतं, औषध का गं?"

घरी जाताना बसमध्ये विचार केला आणि ठरवून टाकलं. एकीला लावायचं तर संघातल्या बाराजणींना लावायचं. सगळ्यांनी लावलं की औषध कुठलं आणि साबण कुठला, कोण बघतं?

बारा तोंडांना पुरायला डॉक्टरांच्या ट्यूब थोड्या होत्या. म्हणून औषधांच्या दुकानात गेले. सनस्क्रीन द्या म्हटलं तर दुकानदारानं गोरं करायचं क्रीम काढलं. म्हटलं, हे नको, उन्हासाठीचं हवंय. तो म्हणाला, हो हो, एकच की, हेच सगळे नेतात. मग त्यानं माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं आणि काही न बोलता त्यातली मोठी ट्यूब काढून पुढे ठेवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला उन्हाचे किरण, कातडी, भाजणं सगळं समजावलं. त्यानं फळीच्या मागून, धूळ पुसत, खरं सनस्क्रीन काढून दिलं आणि वर सांगितलं, ताई, यानं गोरं नाही होत हां, नंतर तक्रार नको.

दुसऱ्या दिवशी मी पोरींना कडुनिंबाखाली बसवून भाषण दिलं. उन्हात काय असतं, कातडीचं काय होतं, आत्तापासून जपलं तर पुढे काय काय टळतं. त्या एकमेकींच्या वेण्या बघत होत्या. भाषण संपल्यावर आमच्या कॅप्टननं हात वर केला. ही सातपूरच्या कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी, रंगानं अगदी माझ्या वळणावर गेलेली, आणि स्वभावानंही.

"बाई, किती दिवसांत गोरं होतं?"

मी म्हटलं, कधीच नाही, हे त्यासाठी नाहीच. संपलं. मैदानावरची सगळी उत्सुकता एका वाक्यात मेली. मग कशाला लावायचं, असा प्रश्न अकरा चेहऱ्यांवर उमटला. बारावी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होती. दोन दिवस मी ओरडले, समजावलं, पुन्हा ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. कातडी जपायला कुणी तयार नव्हतं, कातडी बदलायला सगळ्या तयार होत्या.

तिसऱ्या दिवशी मैदानावर पोहोचते तर पोरी कडुनिंबाखाली रांगेत. द्या म्हणे क्रीम. मी चकित. चौकशी केल्यावर कळलं की कॅप्टननं त्यांना पटवलं होतं. तिचं म्हणणं असं, की बाई मुद्दाम नाही म्हणतायत. गोरं होत असणारच, पण एकदा गावाला कळलं तर आपल्याला उरेल का? आणि बाई स्वतः लावत नाहीत त्या अर्थी फार महाग असणार. मी पुन्हा एकदा खरं सांगितलं. पोरी एकमेकींकडे बघून समजूतदारपणे हसल्या. मग मी म्हटलं, जाऊ दे. खरं मी दोनदा सांगितलं होतं, ते ऐकायची सक्ती करायला माझ्याकडे छडी नव्हती.

शाळेत बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमच्या शाळेत पावडर, काजळ, नेलपॉलिश सगळ्याला बंदी. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं की हे कशात बसतं. मी म्हटलं, क्रीडासाहित्यात. दोरी, शिट्टी, गुडघ्याचे पट्टे आणि क्रीम. ते म्हणाले, बरं, पण वास नको यायला. मुलांच्या संघालाही मी विचारलं होतं. ते म्हणाले, आम्ही काय मुली आहोत? त्यांच्या नाकांची सालं निघत होती आणि ती सोलून एकमेकांना दाखवण्यात त्यांचा मधल्या सुट्टीचा वेळ छान जात होता. गणिताचे सर तर स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाले, बाई, कोळसा उगाळावा तितका काळाच. सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, "उगाळला तर काळा, सर. पेटवला की लाल होतो. बघायचंय?" तेव्हापासून त्यांनी माझ्यासमोर म्हणी वापरणं सोडलं.

पालकही आले. एक वडील कारखान्यातली पहिली पाळी संपवून थेट आले, मुलींना नट्टापट्टा शिकवता का म्हणून तावातावानं बोलले. मी समजावलं, ते पुटपुटत गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच बायकोचा मुलीबरोबर निरोप आला की आमचीला जरा जास्त लावत चला, तिचं दोन वर्षांत बघायचंय.

आता खरी अडचण पुढे होती. पोरी आपापलं तोंड माखून घ्यायच्या, पण मान आणि कोपराची मागची बाजू राहून जायची. म्हणून मी जोड्या लावल्या. एकीनं दुसरीला लावायचं. जोड्या झाल्या आणि अर्थातच ती एकटी उरली, आणि कॅप्टन. कारण कॅप्टनच्या जोडीदारणीनं ऐनवेळी तिसरीकडे उडी मारली होती. मी शिट्टी हातात घट्ट धरून उभी. आता ही काही बोलली तर दोन थोबाडीत देईन, नोकरी गेली तर गेली, असं माझ्या मनात चाललेलं.

कॅप्टननं ट्यूब पिळली. त्या पोरीचं कोपर धरलं, डागावर क्रीम थापलं आणि रगडायला लागली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, अगं, लागेल तुला. कॅप्टननं मानही वळवली नाही.

"लागू दे की. गोरी तरी होईन."

बाई गं. मला वाटलं, धरणी दुभंगावी. इतकं वाईट बोलणं मी त्या मैदानावर ऐकलं नव्हतं. आणि मग हसू ऐकू आलं. तीच हसत होती. कोपर कॅप्टनच्या हातात, आणि पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, मग ओठांचं घे, तिथं चांगलं पांढरं आहे. त्यावर सगळ्याच खिदळल्या. डॉक्टर, मी, मुख्याध्यापक, कुणाला इतके दिवस जे बोलता आलं नव्हतं ते त्या दोन कार्ट्यांनी एका वाक्यात बोलून मोकळं केलं. त्या दिवशी खेळताना तिच्या पाठीत जे खो बसले त्याचा आवाज मला टोकाच्या खांबापाशी ऐकू येत होता. मला रडू आलं. घामाबरोबर पुसून टाकलं.

तर मालेगाव. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणी आशा लावून बसू नये. समोर कळवणच्या पोरी होत्या. आयुष्यभर कांद्याच्या शेतात वावरलेल्या, उन्हानं रापलेल्या, क्रीमचं नाव न ऐकलेल्या. त्यांनी आम्हाला अशी धूळ चारली की सनस्क्रीनचा प्रचार करणाऱ्या बाईनं तोंड लपवावं.

पण सामन्याआधीचं सांगायचं आहे. हायवेवर ट्रकांच्या रांगेत एसटी अडकली आणि आम्ही भर दुपारी मैदानावर पोहोचलो. मी नाव नोंदवायला गेले तेवढ्यात कॅप्टननं हुकूम सोडला की जिल्ह्याची मॅच आहे, हात आखडता घ्यायचा नाही. होत्या नव्हत्या तेवढ्या ट्यूब पिळल्या गेल्या. तेव्हाचं सनस्क्रीन म्हणजे दाट, पांढरं, चोळलं तरी न मुरणारं. मी परत आले तर बाराजणी दिवाळीआधी भिंतींना सफेदी करावी तशा रंगलेल्या. कपाळ, नाक, ओठ, मान, कोपरं, गुडघे, सगळं पांढरंफेक. पुसा म्हणायला वेळच राहिला नव्हता, शिट्टी झाली.

आम्ही मैदानात उतरलो आणि हशा पिकला. यंत्रमागाच्या कारखान्यांतून सुट्टी झालेली माणसं सायकली आडव्या टाकून बघायला थांबली. कुणीतरी ओरडलं, "अरे देखो, चूना लगा के आई हैं सब!" त्यावर आणखी हशा. बाराच्या बारा पोरींकडे सगळं मैदान बोट दाखवत होतं. मी शरमेनं अर्धी झाले होते. त्यांना मात्र कशाचं काही नव्हतं. एकमेकींची तोंडं बघून त्याच सगळ्यात जास्त हसत होत्या.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पोरीची आई. मागच्या गाडीनं आली होती, बाजार बुडवून, न सांगता. हातात कापडी पिशवी, तिच्यात पोरीचे घरचे कपडे. म्हणजे सोबत घेऊन जायच्या तयारीनंच आली होती. लोक हसतायत हे तिनं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला होता. तमाशा झाला की नाव काढायचं, असं ठरलं होतं, आणि याहून मोठा तमाशा मालेगावात त्या दिवशी दुसरा नव्हता. मी सारवासारव करायला तोंड उघडलं.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती मैदानाकडे बघत होती. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर तिची नजर फिरत होती, परत पहिलीवर येत होती.

"बाई," ती म्हणाली, "यातली आमची कोणती?"

मी दाखवायला हात उचलला. तिनं माझं मनगट धरून तो खाली केला.

"नका सांगू. एरवी लोकांचे डोळे जिकडं वळले तिकडं बघायचं, ही तिथंच असायची. कधी हुडकावीच लागली नाय." तिनं पिशवी खाली ठेवली. "खेळू द्या. मी हुडकते."

आणि पदर डोक्यावर ओढून, डोळे बारीक करून, ती त्या पांढऱ्या तोंडांच्या पोरींमध्ये आपली पोर शोधत उभी राहिली.